सासऱ्यांचं तेल

स्वानंद बारामतीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात ऑटोमोबाइल शिकवतो. दरवर्षी पावसाळा संपता संपता 'व्हेरिएबल व्हॉल्व्ह टायमिंग' नावाचा धडा येतो, आणि तो त्याचा लाडका धडा आहे. लाडका अशासाठी, की त्या धड्यात सगळे एकमेकांचं ऐकतात.

इंजिनाला श्वास घ्यायला झडपा असतात. हवा आत घेणाऱ्या वेगळ्या, धूर बाहेर टाकणाऱ्या वेगळ्या. जुन्या इंजिनात या झडपा कधी उघडायच्या आणि कधी मिटायच्या हे कारखान्यात एकदा ठरलं की कायमचं ठरलं. गाडी फाटकापाशी उभी असो की घाट चढत असो, झडपा आपल्या ठरल्या क्षणालाच हलणार. बाहेर रांग कितीही लांब असली तरी कचेरीची जेवणाची सुट्टी ठरल्या वेळेलाच होते, तसं.

नव्या इंजिनात एक छोटा संगणक बसवलेला असतो. त्याला ईसीयू म्हणतात. इंजिन किती वेगानं फिरतंय, चालवणाऱ्यानं पाय किती दाबलाय, इंजिन किती तापलंय, हे निरनिराळे सेन्सर त्याला सतत कळवत राहतात. त्यावरून तो ठरवतो, की झडपा आत्ता जरा आधी उघडाव्यात की जरा मागाहून. मात्र त्याला हात नसतात. तो एका चिमुकल्या व्हॉल्व्हला विजेचे ठोके पाठवतो, तो व्हॉल्व्ह इंजिनातलंच तेल या बाजूला किंवा त्या बाजूला सोडतो, आणि त्या तेलाच्या दाबानं झडपा उघडणारा दांडा किंचित पुढे किंवा मागे वळतो. दांडा खरोखर वळला का, हे सांगायला आणखी एक सेन्सर असतो. वळला नसेल तर ईसीयू पुन्हा सांगतो. न रागावता.

"हे म्हणजे नीरा डावा कालवा समजा," स्वानंद वर्गात सांगतो. "पूर्वी पाण्याचं आवर्तन तारखेनं यायचं. ऊस वाळून गेलेला असो की शेतात तळं साचलेलं असो. आता असा पाटकरी बसवला, की ज्याला प्रत्येक शेताची ओल क्षणोक्षणी कळते, आणि ज्याला जितकं लागेल तितकंच तो सोडतो."

मागच्या बाकावरून दरवर्षी कुणीतरी विचारतो, "सर, असला पाटकरी कुठं मिळंल?"

धड्याचं शेवटचं वाक्य स्वानंद फळ्यावर लिहितो आणि खाली रेघ मारतो. हा सगळा कारभार तेलावर चालतो. तेल कंपनीनं सांगितलंय तितकंच पातळ हवं. जाड तेल घातलं तर हुकूम सुटतो, पण वेळेवर पोचत नाही. हे वाक्य तो वर्गाला ठणकावून सांगतो. एका माणसाला मात्र त्याला ते इतक्या वर्षांत एकदाही सांगता आलं नव्हतं. तो माणूस म्हणजे त्याचे सासरे.

झुंबरआबांची डाळिंबाची बाग भिगवणच्या पुढे, इंदापूरच्या अलीकडे, हायवेपासून आत आहे. उजनीचं पाणी बांधापासून दिसतं. त्यांची लेक वृषाली स्वानंदच्याच कॉलेजात गणित शिकवते. दोघांनी परस्पर ठरवलं आणि मग घरी सांगितलं. जातीचा प्रश्न दोन्ही घरांनी सुशिक्षित पद्धतीनं, म्हणजे त्यावर अवाक्षर न काढता, सोडवला. लग्न नोंदणी पद्धतीनं झालं. स्वानंदचे वडील श्रीपादराव विमा कंपनीतून निवृत्त झालेले. त्यांनी दोन्ही हात जोडून झुंबरआबांना सांगितलं, "आम्हाला काही नको. नारळसुद्धा नको."

हे वाक्य श्रीपादरावांनी स्वानंदच्या जन्मापासून मनात जपून ठेवलं होतं. झुंबरआबांनी ते ऐकलं. त्यांच्या माळ्यावर लेकीसाठी घेतलेली भांडी होती, शिसवी पलंग सुताराकडं तयार होता. श्रीपादरावांना वाटलं, आपण एका बापाचं ओझं उतरवलं. झुंबरआबांना वाटलं, आपल्या घरचं ह्यांना चालत नाही. दोघंही सज्जन असल्यामुळे कुणी कुणाला काही विचारलं नाही.

त्यानंतर झुंबरआबा जावयाशी बोलेनासे झाले. म्हणजे भांडण नव्हतं. स्वानंद समोर बसलेला असताना ते वृषालीला म्हणायचे, "त्यास्नी इचार, च्या घेत्यात का." वृषाली विचारायची. स्वानंद तिला सांगायचा, घेतो. मग ती वडिलांना सांगायची. चहा यायचा.

लग्नानंतर वर्षभरानं स्वानंदनं गाडी घेतली. पेट्रोलची, नव्या इंजिनाची, त्याच्या लाडक्या धड्यातली. दिवाळीला दोघं ती घेऊन गेले. निघायच्या वेळी सासूबाई, प्रयागबाई, आत लेकीची ओटी भरत होत्या आणि झुंबरआबा अंगणात गाडीभोवती फिरत होते. बाजारात बैल बघतात तसे, हात पाठीशी बांधून. मग त्यांनी बॉनेट उघडायची खूण केली. तेल मोजायची पट्टी काढली, तेल दोन बोटांत चोळलं, हुंगलं.

"ह्यात तर पानी हाय," ते म्हणाले. वृषाली आत होती. अंगणात दुसरं कुणी नव्हतं. म्हणजे ते स्वानंदला म्हणाले होते.

"पाणी नाही, आबा. तेलच आहे. ते पातळच असतं."

"कोन म्हनतं?"

"कंपनी."

"कंपनीचं काय जातंय. इंजान तिचं हाय का?"

स्वानंद पुढे बरंच बोलू शकला असता. त्याचा तासभराचा धडा तयार होता. पण खिडकीत प्रयागबाई आणि वृषाली, दोघी तोंडावर हात ठेवून बघत होत्या, आणि झुंबरआबा सांगत होते, की ट्रॅक्टरला ते कुठलं तेल घालतात, ते कसं काकवीगत घट्ट असतं आणि इंजिन कसं थंड राहतं. ते थेट जावयाकडं बघून सांगत होते. स्वानंद म्हणाला, "असं का."

गाडी ट्रॅक्टरच्या दुरुस्तीसाठी खणलेल्या खड्ड्यावर गेली. झुंबरआबांनी खालचा नट सोडून ते 'पानी' काढलं आणि आपल्या पिंपातलं तेल भरलं. पट्टीवरच्या खुणेच्या जरा वरपर्यंतच. लेकीची ओटी कुणी मापून भरत नाही.

परतीच्या वाटेवर हायवेला लागताच स्वानंदच्या डोळ्यांसमोर पिवळा दिवा लागला. भिगवणला स्वानंदनं पहिलं दिसलं ते गॅरेज गाठलं. गॅरेज माऊलीचं होतं. माऊलीनं ते तेल काढलं, पातळ भरलं, दिवा विझवला. तेवढ्या वेळात वृषालीनं शेजारच्या खाणावळीत मासे खाल्ले, कारण सासरी ते चालत नाहीत. अशा रीतीनं दोघांचीही सोय झाली आणि एक प्रथा पडली.

पुढच्या सणाला झुंबरआबांनी पट्टी काढली आणि त्यांचा चेहरा उतरला. "परत पानी. आपलं कुटं गेलं?"

"सर्व्हिसिंगला गेली होती," स्वानंद म्हणाला.

"चोर हायती ते," झुंबरआबा म्हणाले, आणि पिंप आणायला गेले.

तेव्हापासून दर सणाला सकाळी सासरे पातळ काढून जाड भरत, आणि दुपारी जावई भिगवणला जाड काढून पातळ भरे. दोन प्रामाणिक माणसं आळीपाळीनं एकाच गाडीचं तेल बदलत होती. सबंध पुणे जिल्ह्यात इतकी निगा राखलेलं इंजिन दुसरं नसेल. माऊलीनं तर त्या कामाला नावच ठेवलं. गाडी वळताना दिसली की तो आतल्या माणसाला ओरडून सांगायचा, सासऱ्यांचं तेल आलं, डबा आण.

"तू सांगून टाक ना त्यांना," स्वानंद एकदा वृषालीला म्हणाला.

"तेल तुझा विषय आहे."

"वडील तुझे आहेत."

"माझ्याशी ते बोलतातच. तुझ्याशी बोलतात ते फक्त बॉनेट उघडल्यावर." तिनं माशाचा काटा बाजूला ठेवला. "इंजिन बिघडलं तर दुसरं मिळतं, स्वानंद."

ते खरं होतं. तेल घेतलं नाही, तर 'नारळसुद्धा नको' हे दुसऱ्यांदा म्हटल्यासारखं झालं असतं, आणि या खेपेला ते स्वानंदनं स्वतः म्हटलेलं असतं. एवढ्या खटाटोपानं उघडलेलं तोंड पुन्हा मिटलं असतं. त्यामुळे तो गप्प राहिला आणि माऊलीचा धंदा चालला.

यंदा डिसेंबरात प्रयागबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन बारामतीत ठरलं. त्या आधीच लेकीकडे येऊन राहिल्या. झुंबरआबा बागेत तोडणी चालू असल्यामुळे मागं थांबले होते. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी त्यांना आणायला स्वानंद एकटाच गेला. वृषालीशिवाय तो तिथं प्रथमच जात होता. वाटेत त्यानं बोलायचे विषय मनात जुळवून ठेवले होते. थंडी, डाळिंबाचा भाव, थंडी.

त्याची गरज पडली नाही. झुंबरआबा स्वच्छ धोतर नेसून, टोपी घालून खड्ड्यापाशी उभे होते, आणि शेजारी नवं पिंप फोडून ठेवलेलं होतं.

"आबा, उशीर होईल. आज राहू द्या."

"दवाखान्याला जायाचं हाय," झुंबरआबा म्हणाले. "आज तर पायजेच."

तेल भरून झालं. हात पुसून झुंबरआबा पुढच्या सीटवर बसले आणि पट्टा कसा लावायचा ते न विचारता बराच वेळ शोधत राहिले. स्वानंदनं मनाशी ठरवलं, आज भिगवणला थांबायचं नाही. सावकाश बारामती गाठू, तेलाचं उद्या बघू.

पण सावकाश जमेना. झुंबरआबा दर थोड्या वेळानं हातात घड्याळ नसतानाही मनगट उलटं करून बघत आणि म्हणत, "आत न्हेलं आसंल का तिला?" एवढंच. मग बाहेर बघत. हे त्यांनी तिसऱ्यांदा म्हटल्यावर स्वानंदनं पाय दाबला. गाडीनं वेग घेतला. ईसीयूनं ठरल्याप्रमाणे झडपांचा दांडा पुढे वळवायला सांगितलं. थंड, घट्ट तेल कण्हत कण्हत त्या बारीक वाटेत शिरलं आणि दांडा उशिरा का होईना पुढे गेला. पिवळा दिवा लागला.

"हे काय हो?" झुंबरआबांनी विचारलं.

"काही नाही. दिवा आहे."

"दिवसा?"

भिगवणच्या वळणावर ट्रक आडवा आला. स्वानंदनं वेग एकदम तोडला. ईसीयूनं तत्काळ सांगितलं, दांडा मागे घ्या. तेल जिथं गेलं होतं तिथंच ठाण मांडून बसलं. झडपा धावणाऱ्या गाडीसाठी उघडत राहिल्या आणि गाडी तर उभी राहत होती. इंजिनाला उचक्यांवर उचक्या लागल्या, सबंध गाडी तापकऱ्यासारखी थरथरली आणि बंद पडली. स्वानंदनं पुन्हा पुन्हा सुरू केली. सुरू व्हायची, दोन हुंदके द्यायची, मिटायची. असं करत करत ती रस्त्याच्या कडेला जिथं येऊन थांबली, तिथून माऊलीचं गॅरेज हाकेच्या अंतरावर होतं. माऊलीला तर हाक मारायचीही गरज नव्हती. तो हात पुसत समोरूनच आला.

"या सर. संक्रांतीच्या आधीच आज?" त्यानं काचेतून न बघताच बॉनेटवर थाप मारली. "ढकलू दे खड्ड्यावर. सासऱ्यांचं तेल काढायचं ना?"

मग माऊलीनं वाकून आत बघितलं. धोतर दिसलं, टोपी दिसली.

"हे कोन?"

"सासरे," स्वानंद म्हणाला.

माऊली सरळ उभा राहिला. त्यानं हायवेकडं बघितलं, खाणावळीकडं बघितलं.

"च्या सांगू का?" तो म्हणाला.

झुंबरआबा खाली उतरले. पट्टा सोडायला त्यांना या खेपेला वेळ लागला नाही. त्यांनी काही विचारलं नाही, त्यामुळे उत्तर काय द्यायचं ते स्वानंदला कळेना. गाडी ढकलून खड्ड्यावर नेली. झुंबरआबा खड्ड्याच्या पायऱ्या उतरून स्वतः खाली गेले आणि माऊलीनं नट सोडताना बघत उभे राहिले. डब्यात तेलाची जाड, सोनेरी धार पडायला लागली. संथ. घाई नसलेली.

"हे तर मगाचंच हाय," झुंबरआबा म्हणाले. "काळंबी पडलं न्हाय."

"व्हय, तात्या."

"दर खेपेला काढता?"

माऊलीनं वर स्वानंदकडं पाहिलं. वरून काही मदत आली नाही. "व्हय," तो म्हणाला.

"आन मग ते करता काय?"

"भावाचा ट्रॅक्टर हाय माझ्या. त्याला घालतो." माऊलीला वाटलं एवढं पुरेसं नाही. "लई सुखात हाय ट्रॅक्टर. तेलात खोट न्हाय, तात्या. तेल एक लंबर हाय."

तेवढ्यात फोन वाजला. वृषालीचा होता.

"डॉक्टर यायला उशीर आहे, आईला अजून आत नेलेलं नाही. कुठे आहात?"

"भिगवणला."

"भिगवणला का? आबा गाडीत आहेत ना?"

"गाडीखाली आहेत," स्वानंद म्हणाला.

मग ती म्हणाली, "सावकाश या," आणि फोन ठेवला. गणिताची माणसं संकटात मोजकंच बोलतात.

झुंबरआबा वर आले. टायरांच्या चळतीवर बसले. चहा आला. त्यांनी तो हातात धरून ठेवला.

"सांगा," ते म्हणाले.

स्वानंदनं सांगायला सुरुवात केली. इतकी वर्षं शिकवलेला धडा, पण पहिल्याच वाक्याला अडखळला. झडपा, श्वास, संगणक झालं आणि तो सवयीनं नीरा डाव्या कालव्यावर आला. "समजा, कालव्यावर एक पाटकरी आहे..."

"आमच्याकडं कालवा न्हाय," झुंबरआबा म्हणाले. "आमी धरनातनं उचलतो."

वर्गात असा प्रश्न कधी आला नव्हता. स्वानंदनं चहाचा घोट घेतला. मग म्हणाला, "बरं. तुमच्या बागेत ठिबकचं ते यंत्र आहे. फोनवरून चालतं ते. ते व्हॉल्व्ह कसं उघडतं?"

"यंत्रातनं बारकी काळी नळी जाती परत्येक व्हॉल्व्हला. त्या नळीत पान्याचा दाब आला की मोठा व्हॉल्व्ह मिटतो. दाब सोडला की उघडतो."

"गाडीत तेच आहे. पाण्याच्या जागी तेल. नळ्या त्याहून बारीक, आणि हे एका मिनिटात कितीतरी वेळा चालतं. आता सांगा, तुमच्या त्या काळ्या नळीत पाण्याऐवजी काकवी भरली तर? यंत्रानं सांगितलं, व्हॉल्व्ह मीट. मिटेल का?"

झुंबरआबांनी विचार केला. प्रश्न थट्टेवारी नेला नाही, खरंच विचार केला.

"मिटंल की," ते म्हणाले. "पन उद्या."

माऊली खड्ड्यातून हसला आणि खोकल्याचं सोंग केलं.

"तसंच मघा झालं," स्वानंद म्हणाला. "गाडी थांबत होती, आणि आतल्या झडपा अजून पळत होत्या."

"म्हंजे मी इतकी वर्सं लेकीच्या गाडीत काकवी वतली."

"ट्रॅक्टरला तेच तेल बरोबर आहे, आबा. त्याच्यात या नळ्याच नाहीत."

"त्ये कळलं मला." त्यांनी कप खाली ठेवला. चहा तसाच होता. "यंत्राचं कळलं. मला दुसरंच इचारायचं हाय. तुमी मास्तर. लोकांच्या पोरांस्नी सांगता. मला का सांगितलं न्हाय?"

हायवेवरून उसाची एक ट्रॉली गेली, मग दुसरी. त्यांच्या आवाजात उत्तर टाळता आलं असतं. स्वानंदनं त्या जाऊ दिल्या.

"तुम्ही माझ्याशी बोलायला लागला होतात," तो म्हणाला. "तेल नको म्हटलं असतं तर ते थांबलं असतं, असं वाटलं."

झुंबरआबांनी टोपी काढली, मांडीवर झटकली, पुन्हा घातली. टोपीवर धूळ नव्हती.

"पयल्यांदा गाडी घिऊन दिवाळीला तुमी आला," ते म्हणाले, "तवा तीन दिस मी तुमच्या म्होरं बसून हुतो. काय बोलावं ते सुचंना. शिकल्यालं मानूस. घरचं काय घेत न्हाई. मग म्हनलं, गाडी हाय, इंजान हाय. त्यातलं आपल्याला कळतंय." त्यांनी खाली ठेवलेला कप जरा सरकवला. "तेल चांगलंच हुतं हो त्या गाडीतलं. मला काय त्यात वंगाळ दिसलं न्हवतं. बोलायला कायतरी पायजे म्हनून म्हनलं, पानी हाय."

स्वानंदनं माऊलीच्या खड्ड्याकडं पाहिलं. तिथं धार आता बारीक झाली होती आणि थेंब थेंब तेल पडत होतं.

"मग पुढच्या वेळी कशाला काढलंत?" त्यानं विचारलं.

"पुढच्या बारीला तर बोलायचं आनखीच अवघड झालं हुतं," झुंबरआबा म्हणाले. "एकदा पानी म्हनल्यावर मागं कसं यायचं?"

माऊलीनं खालचा नट आवळला आणि पातळ तेलाचा डबा घेऊन वर आला. बॉनेटपाशी जाऊन तो झाकण उघडणार, तेवढ्यात स्वानंदनं डबा त्याच्या हातातून घेतला आणि झुंबरआबांपुढे धरला.

"तुम्हीच भरा."

झुंबरआबा उठले. त्यांनी डब्यातला एक थेंब बोटावर घेतला, बघितला, आणि 'पानी' हा शब्द गिळून टाकलेला स्वानंदला स्पष्ट दिसला. ते ओतायला लागले. तेल सहज गेलं, गुळगुळ न करता. मग त्यांनी पट्टी काढली, पुसली, घातली, काढली, चष्मा कपाळावरून खाली घेऊन बघितली. अजून थोडं. पुन्हा बघितलं. पट्टीवर दोन खुणा असतात आणि तेल दोन्हींच्या मध्ये राहायला हवं. ते वरच्या खुणेला टेकलं.

त्यांचा हात थांबला, पण डबा खाली येईना. डब्यात अजून तेल होतं. आयुष्यभर त्या हातानं पाटी शिगोशीग भरली होती, माप वरून ओसंडेपर्यंत घातलं होतं.

"बास?" त्यांनी विचारलं.

"बास," स्वानंद म्हणाला.

"उरलंय की."

"उरलेलं तुमच्याकडं राहू द्या. पुढच्या वेळी तुम्हीच घाला. मी इथं थांबणार नाही आता."

माऊलीनं मान खाली घातली. त्याच्या भावाच्या ट्रॅक्टरचे सुखाचे दिवस संपले होते. झुंबरआबांच्या ते लक्षात आलं असावं. "तुज्या भावाला पाठीव," ते म्हणाले. "पिंप फोडलंच हाय. देतो."

गाडी सुरू झाली. इंजिन इतकं शांत चालत होतं, की झुंबरआबांनी दोनदा खाली वाकून ऐकलं. बारामतीच्या रस्त्याला लागल्यावर त्यांनी आपण होऊन पट्टा लावला आणि काच थोडी उघडली.

"आता ते आतलं तेल हिकडं-तिकडं करतंय का?" त्यांनी विचारलं.

"करतंय. आत्ता मी पाय दाबला ना, दांडा पुढे गेला. आता सोडला, मागे आला."

"कुनी सांगितलं त्या यंत्राला?"

"सेन्सरनं. तो सांगेल ते यंत्र खरं मानतं."

झुंबरआबा बाहेर बघू लागले. बराच वेळ शेतं मागं पडत राहिली. स्वानंदला वाटलं, पुन्हा काहीतरी बिनसलं. मग त्यांनी खाकरून घसा साफ केला.

"आज सांगायचंच हाय तर एक मीबी सांगतो. तुमी पाडव्याला ते घड्याळ दिलं मला. पावलं मोजतं ते."

"हो. माझ्या फोनवर येतं ना सगळं. मी रोज बघतो." स्वानंद मनापासून म्हणाला. "तुमच्या वयाला इतकं चालणं म्हणजे खरोखर कौतुक आहे. मी बाबांना दाखवतो रोज."

"मी चालत न्हाय इतकं."

"पण आकडे येतात."

"शेळीच्या गळ्यात हाय ते." झुंबरआबा समोर बघत होते. "मला हातात टोचायचं. सांगावं तर तुमास्नी वाईट वाटंल. तुमच्या सासूबाईच म्हनल्या, शेळीला बांधू. त्याच चार्जिंग करत्यात रोज."

स्वानंदनं गाडीचा वेग कमी केला. दांडा निमूट मागे आला.

"दोन दिवस आकडे आले नाहीत," तो म्हणाला. "मी वृषालीला म्हणालो, आई इकडे आल्यात म्हणून आबा खचून बसून आहेत."

"चार्जिंग करायला घरी कोन न्हवतं."

"आणि हृदयाचे ठोके कधीच दिसायचे नाहीत. मला वाटलं, उन्हात रापलेली कातडी, सेन्सरला कळत नसेल."

"केस हायती तिला," झुंबरआबा म्हणाले.

पुढे रस्ता मोकळा होता. एमआयडीसीकडं जाणाऱ्या मोटारसायकली एकामागून एक शेजारून निघून गेल्या. झुंबरआबांनी मान वळवून जावयाकडं पाहिलं. तो समोर बघत होता, आणि त्याचे खांदे हलत होते. हसतोय की काय ते त्यांना नीट कळेना.

"काढू का तिच्या गळ्यातनं?" त्यांनी विचारलं.

"राहू द्या, आबा," स्वानंद म्हणाला. "चालणं चांगलं आहे तिचं."